आवक क्रमांक दोनदा पडू नये म्हणून

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच मुद्द्याभोवती फिरतात: साठवलेल्या प्रत्येक मेलला सर्व्हर ओळख कशी देतो, आणि ती बिघडली की काय होतं. म्हणून हा संपूर्ण भाग त्यालाच दिला आहे. जिथे नेमकी सेटिंग सांगायची आहे तिथे उदाहरण डोव्हकॉट या मेल सर्व्हर प्रोग्रॅमचं घेतलं आहे.

प्रश्न : शनिवारी आमचा मेल सर्व्हर नव्या मशीनवर हलवला. सोमवारी सगळ्यांच्या आउटलुकमध्ये जुन्या मेल पुन्हा उतरायला लागल्या, एकेकाकडे नऊ-नऊ हजार. मेल त्याच, फाइली त्याच, पासवर्डही तेच. मग असं का? (कापड व्यापाऱ्याचं कार्यालय, इचलकरंजी)

तुमचे लोक पॉप३ (मेल आपल्या संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत) वापरतात आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ चालू आहे, हे पत्रावरूनच कळतं. पॉप३मध्ये मेलला १, २, ३ असे क्रमांक असतात, पण ते त्या एका जोडणीपुरते. उद्या जोडलं की पुन्हा १ पासून. त्यामुळे ‘ही मेल मी आधी उतरवली आहे का?’ हे ठरवायला आउटलुक सर्व्हरला वेगळी यादी मागतो: यूआयडीएल. त्यात प्रत्येक मेलपुढे १ ते ७० अक्षरांची एक खूण असते. खूण ओळखीची असली की मेल सोडायची, नवी दिसली की उतरवायची. आउटलुक मेलचा मजकूर बघतच नाही, फक्त खूण बघतो.

ही खूण कशी बनवायची, हे १९९६ च्या पॉप३ मानकाने सर्व्हरवर सोडलं आहे. कोणी फाइलीचं नाव देतं, कोणी मजकुराचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा). डोव्हकॉट मूळ सेटिंगमध्ये दोन आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) जोडून देतो: आधी मेलचा यूआयडी, म्हणजे फोल्डरमधला तिचा क्रमांक, मग त्या फोल्डरची यूआयडीव्हॅलिडिटी, म्हणजे तो क्रमांक कुठल्या रजिस्टरातला हे सांगणारा आकडा. यूआयडी २५ आणि व्हॅलिडिटी १७१८०००१२३ असेल, तर खूण होते ००००००१९६६६६९९एफबी. सायरस या दुसऱ्या मेल सर्व्हरच्या नव्या आवृत्त्या तेच दोन आकडे उलट क्रमाने, मध्ये टिंब देऊन लिहितात. म्हणजे आकडे तसेच राहिले आणि फक्त लिहिण्याची ढब बदलली, तरी आउटलुकच्या दृष्टीने नऊच्या नऊ हजार मेल नव्या.

तुमच्याकडे दोनपैकी एक झालं असणार. एकतर जुना सर्व्हर दुसऱ्या बनावटीचा होता आणि नव्यावर खुणेचा साचा जुळवला नाही. नाहीतर फाइली आल्या पण ‘डोव्हकॉट-यूआयडीलिस्ट’ ही फाइल मागे राहिली. दिसायला क्षुल्लक, पण आवकजावक रजिस्टर तीच आहे. ती नसली की डोव्हकॉट नवं रजिस्टर उघडतो, नवी व्हॅलिडिटी घालतो आणि सगळ्या मेलना पहिल्यापासून क्रमांक देतो.

जुनं मशीन अजून पुसलं नसेल तर घाई करा. प्रत्येक दिवशी नव्या रजिस्टरात नव्या नोंदी पडत आहेत आणि जुन्यावर परतणं अवघड होत आहे. आधी नव्या सर्व्हरवर पॉप३ बंद ठेवा, येणारी मेल चालू राहू द्या. दोन्हीकडे टेलनेट किंवा ओपनएसएसएलने पॉप३ला जोडून यूआयडीएल द्या आणि एकाच मेलच्या खुणा शेजारी ठेवून बघा. आकडे तेच आणि मांडणी वेगळी असेल, तर डोव्हकॉटची ‘पॉप३ यूआयडीएल फॉरमॅट’ ही सेटिंग जुन्यासारखी केली की काम झालं. मात्र २.४ आवृत्तीपासून त्यातली व्हेरिएबल लिहिण्याची पद्धत बदलली आहे, २.३ ची ओळ जशीच्या तशी चिकटवू नका. आकडेच वेगळे असतील तर यूआयडीलिस्ट फाइली आणाव्या लागतील, त्याही जुना सर्व्हर थांबवून आणि प्रत्येक फोल्डरच्या. जुना सर्व्हर डोव्हकॉट नसेल तर ‘पॉप३-मायग्रेशन’ प्लगइन आहे. ते जुन्या सर्व्हरकडून पॉप३ने खुणा घेतं, आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने) आलेल्या मेलशी आकार आणि हेडर जुळवतं आणि जुनीच खूण पुढे चालवतं.

ज्यांच्याकडे दुबार मेल उतरून झाल्या, त्यांचं सर्व्हरवरून काही करता येत नाही. त्या आता त्यांच्या संगणकावर आहेत, तिथेच साफ कराव्या लागतील. ‘असं होतंच’ हे होस्टिंगवाल्यांचं उत्तर मात्र बरोबर नाही. नीट हलवलं तर होत नाही.

प्रश्न : ऑर्डरच्या मेल वाचून एक्सेलमध्ये भरणारी पायथन स्क्रिप्ट मी लिहिली आहे. ती मेलचा नंबर लक्षात ठेवते. कधीकधी एखादी ऑर्डर सुटते, आणि एकदा भलतीच मेल डिलीट झाली. (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नांदेड)

तुमची स्क्रिप्ट बहुधा क्रमस्थान लक्षात ठेवते आहे. आयमॅपमध्ये मेलला दोन प्रकारे हाक मारता येते. पहिला प्रकार रांगेतल्या जागेचा: सातवी मेल. रांगेतली तिसरी मेल काढली की सातवी सहावी होते. फोनवरून कोणी एक मेल पुसली आणि त्याच वेळी तुमची स्क्रिप्ट ‘सातवी पुसा’ म्हणाली, की शेजारची जाते.

दुसरा प्रकार यूआयडीचा. हा आकडा ३२ बिटांचा, शून्य कधीच नाही, आणि एका फोल्डरमध्ये कायम चढता. मेल पुसली तर तिचा क्रमांक रिकामा राहतो, दुसऱ्या मेलला मिळत नाही. सरकारी कार्यालयातल्या आवक क्रमांकासारखं: ४१२ नंबरचा कागद निकाली निघाला म्हणून ४१२ पुन्हा पडत नाही. मधे गाळे दिसले की विद्यार्थी घाबरतात, पण गाळे असणं हे रजिस्टर नीट असल्याचंच लक्षण आहे. संपेल का हा आकडा? कमाल ४,२९,४९,६७,२९५. दर सेकंदाला एक मेल आली तरी १३६ वर्षं पुरतो.

आता खरी मेख. नवीन वर्षी कार्यालयात नवं रजिस्टर लागतं आणि क्रमांक १ पासून सुरू होतो. म्हणून कागदावर ‘४१२/२०२४’ असं लिहितात. आयमॅपमध्ये त्या ‘/२०२४’चं काम यूआयडीव्हॅलिडिटी करते. कोणी फोल्डर पुसून त्याच नावाने पुन्हा बनवला, किंवा वरच्या उत्तरातल्यासारखं रजिस्टर हरवलं, की सर्व्हरने ही व्हॅलिडिटी आधीपेक्षा मोठी करायची असते. सोपा आणि रूढ मार्ग म्हणजे फोल्डर बनवला त्या क्षणाचा युनिक्स वेळ (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद) तिथे घालणं. काळ पुढेच जातो, म्हणून आकडा आपोआप मोठा होतो. फोल्डरचं नाव, व्हॅलिडिटी आणि यूआयडी ही तिन्ही मिळून एकच मेल, कायमची, असं मानक सांगतं. तिघांपैकी एक गाळलं की हमी गेली.

तेव्हा स्क्रिप्टमध्ये असं करा. ‘सिलेक्ट’ दिल्यावर सर्व्हर स्वतःहून व्हॅलिडिटी सांगतो, ती जपून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा. वेगळी निघाली तर जुने सगळे यूआयडी फेकून द्या आणि फोल्डर नव्याने वाचा. तीच असेल तर शेवटच्या यूआयडीच्या पुढच्यापासून ‘यूआयडी फेच’ने मागा. इथे एक खाचखळगा आहे, अनुभवीही त्यात पाय घालतात. शेवटचा यूआयडी ५०० असेल तर आपण ‘५०१:*’ मागतो. ‘*’ म्हणजे फोल्डरमधला सर्वांत मोठा यूआयडी. नवीन मेलच नसेल तर * म्हणजे ५००, आणि आयमॅपला ५०१:५०० आणि ५००:५०१ सारखेच. परिणामी ५०० नंबरची मेल पुन्हा हातात पडते आणि ऑर्डर दोनदा भरली जाते. आलेला यूआयडी ५०० पेक्षा मोठा आहे का, हे स्वतः तपासा.

पुसतानाही यूआयडीच द्या. नुसतं ‘एक्स्पंज’ दिलं तर पुसण्याची खूण असलेल्या सगळ्याच मेल जातात, दुसऱ्या कोणी खूण केलेल्यासुद्धा. ‘यूआयडी एक्स्पंज’ फक्त सांगितलेल्याच काढतं. त्यासाठी सर्व्हरला यूआयडीप्लस विस्तार यावा लागतो. झालेल्या ऑर्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवत असाल तर तिथे मेलला नवा यूआयडी मिळतो. यूआयडीप्लस असेल तर हलवण्याच्या उत्तरातच ‘कॉपीयूआयडी’ म्हणून जुन्या-नव्याची जोडी येते. ती वाचा, अंदाज लावू नका.

प्रश्न : मेसेज-आयडी हेडर प्रत्येक मेलला असतंच. मग एवढी यातायात कशाला? (वाचक, पणजी)

मेसेज-आयडी पाठवणाऱ्याच्या बाजूला लिहिला जातो. साठवणाऱ्या सर्व्हरचा त्यावर काही ताबा नाही. तो असावा असं मानक म्हणतं, असलाच पाहिजे असं नाही, आणि काही घरगुती बिलिंग सॉफ्टवेअर तो खरंच घालत नाहीत. एखादी मेल तुम्हाला थेटही आली आणि ग्रुपच्या पत्त्यावरूनही आली, तर दोन प्रतींचा मेसेज-आयडी एकच. उत्तरं एका माळेत ओवायला तो उत्तम, दुबार प्रत अडवायला चालेल, पण इनबॉक्समधली नेमकी ही प्रत दाखवायला उपयोगाचा नाही.

प्रश्न : सर्व्हरवर मेलच्या फाइलींची नावं विचित्र लांबलचक असतात. त्यात काही अर्थ असतो का? आणि दोन मेलना चुकून एकच नाव पडू शकतं का? (सिस्टिम ॲडमिन, पुणे)

पूर्ण अर्थ असतो. एक नाव घेऊ:

१७१८०००१२३.एम४५६७८९पी२२०१४.मेल१,एस=३५८२,डब्ल्यू=३६६१:२,आरएस

पहिला आकडा युनिक्स वेळ. हा म्हणजे १० जून २०२४, भारतीय वेळ सकाळी ११ वाजून ४५ मिनिटं २३ सेकंद. ‘एम’नंतर त्या सेकंदातले मायक्रोसेकंद, ‘पी’नंतर मेल टाकणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक, मग मशीनचं नाव. इथपर्यंत खरी ओळख. ‘एस’ म्हणजे फाइलीचा आकार बाइटमध्ये, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे तीच मेल तारेवरून जाताना होणारा आकार. डिस्कवर ओळीच्या शेवटी एक अक्षर असतं, तारेवर दोन, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे ओळींची संख्या. इथे ७९. अपूर्णविरामानंतरची अक्षरं मेलची अवस्था सांगतात: ‘आर’ उत्तर दिलं, ‘एस’ वाचली. ती बदलत राहतात, त्यामुळे ओळख म्हणून नाव कुठे साठवत असाल तर अपूर्णविरामाच्या आधीचंच साठवा.

प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवणारी ही मेलडिर पद्धत डॅनियल बर्नस्टीन यांनी क्यूमेल या आपल्या मेल सर्व्हरसाठी आणली. तिची गंमत अशी की नाव ठेवायला कुणाला विचारावं लागत नाही. यूआयडी देताना रजिस्टरला कुलूप लावावं लागतं: पुढचा क्रमांक वाचा, द्या, एकाने वाढवून लिहा, कुलूप काढा. मेल आत टाकणारा प्रोग्रॅम दरवेळी त्या कुलपासाठी थांबला असता तर एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून अनेक मशीन वापरतात अशा) सामायिक डिस्कवर गोंधळ झाला असता. म्हणून काम दोन टप्प्यांत होतं. मेल टाकणारा घड्याळ, प्रोसेस आणि मशीन यांवरून नाव बनवतो, ‘टेम्प’मध्ये लिहितो आणि पूर्ण झाल्यावर ‘न्यू’मध्ये सरकवतो. त्या क्षणी मेलला नाव असतं, क्रमांक नसतो. नंतर आयमॅप तो फोल्डर उघडतो तेव्हा कुलूप लावून क्रमांक पाडतो.

सुरुवातीला नावात फक्त सेकंद, प्रोसेस आणि मशीन एवढंच असे. एकाच प्रोसेसने एका सेकंदात दोन मेल टाकल्या, किंवा प्रोसेस क्रमांक त्याच सेकंदात पुन्हा वापरला गेला, की ते मोडायचं. म्हणून मायक्रोसेकंद, आयनोड (डिस्कवरचा फाइलीचा अंतर्गत क्रमांक), डिलिव्हरीचा अनुक्रम असे जोड आले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, पडू शकतं. आजकाल तर त्याची सोय आपणच करून ठेवतो. कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर वेगळ्या चौकटीत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रोसेसचे क्रमांक लहान आणि सगळीकडे सारखेच असतात. मशीनचं नाव (होस्टनेम) डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम, मुळात वेगवेगळं देतो, पण आपण कंपोझ फाइलीत होस्टनेम ‘मेल’ असं पक्कं करतो आणि त्याच सेवेचे चार कंटेनर उभे करून सामायिक डिस्क जोडतो. झालं, चारपैकी दोन खांब पडले. उरलं घड्याळ, आणि तेही चारही कंटेनरांचं एकच.

नाव जुळलं तर काय होतं, हे शेवटच्या पायरीवर ठरतं. प्रोग्रॅम ‘लिंक’ वापरत असेल तर दुसरा प्रयत्न नाकारला जातो आणि तो नवं नाव घेतो. ‘रीनेम’ वापरत असेल तर दुसरी मेल पहिलीच्या डोक्यावर बसते, पहिली गेली, लॉगमध्ये एक ओळही नाही. शिवाय ‘लिंक’चीही नजर फक्त ‘न्यू’वर असते. पहिली मेल तोवर ‘कर’मध्ये (क्लायंटने पाहिलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये) जाऊन तिला अवस्थेच्या अक्षरांचं शेपूट लागलं असेल, तर ‘न्यू’मध्ये ते नाव मोकळंच दिसतं. मग एकाच मूळ नावाच्या दोन फाइली तयार होतात. डोव्हकॉट अशी जोडी सापडली की एकीचं नाव बदलतो आणि लॉगमध्ये तशी नोंद टाकतो. ती नोंद दिसली तर ‘त्यानेच दुरुस्त केलं’ म्हणून सोडू नका, होस्टनेम तपासा.

उपाय साधे आहेत. प्रत्येक कंटेनरला आणि प्रत्येक क्लोन केलेल्या मशीनला वेगळं होस्टनेम द्या. घड्याळ चालू असताना मागे उडी मारू देऊ नका: घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनी प्रोग्रॅममध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ असेल तर फरक एक सेकंदाहून जास्त असला तरी उडी फक्त पहिल्या तीन दुरुस्त्यांतच घेतली जाते, पुढे घड्याळ हळूहळू सरकवलं जातं. थांबवून ठेवलेली मशीन पुन्हा जागी केली की आधी वेळ, मग मेल.

प्रश्न : डोव्हकॉटच्या ‘डोव्हॲडम’ आदेशाने फोल्डरांचे जीयूआयडी (प्रत्येक फोल्डरची स्वतंत्र ओळख) काढले. ३२ अक्षरांचे आहेत, पण सगळ्यांची शेवटची आठ अक्षरं सारखी! हे यादृच्छिक असायला हवेत ना? (वाचक, नागपूर)

यादृच्छिक नाहीतच. १२८ बिटांतले पहिले ३२ नॅनोसेकंदांचे, पुढचे ३२ सेकंदांचे, मग ३२ प्रोसेस क्रमांकाचे आणि शेवटचे ३२ मशीनच्या नावाच्या हॅशमधले. तुमचे सगळे फोल्डर एकाच मशीनवर बनले, म्हणून शेपटी एक. घड्याळ पुढे सरकलं नसेल तर नॅनोसेकंदांत एक मिळवून पुढचा जीयूआयडी बनतो. तिथे जागाही ऐसपैस आहे: सेकंदात नॅनोसेकंद १०० कोटी, ३२ बिटांत मावतात सव्वाचारशे कोटींहून जास्त.

सायरसची रीत याच्या उलट. तो मेलच्या मजकुराचा एसएचए-१ हॅश हीच ओळख धरतो. फाइल सडली तर हॅश जुळत नाही आणि लगेच कळतं. पण तंतोतंत सारख्या दोन प्रतींची ओळखही एकच पडते. म्हणून फोल्डरमध्ये प्रत दाखवायला यूआयडी तिथेही लागतोच. सायरसमध्ये तर फाइलीचं नावच यूआयडी आणि पुढे टिंब, एवढंच.

प्रश्न : पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये एकच क्यू आयडी दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या मेलना दिसला. घुसखोरी आहे का? (वाचक, रत्नागिरी)

नाही. पोस्टफिक्स हा मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम, आणि तो आयडी त्याच्या रांगेत थांबलेल्या फाइलीचा आहे, साठवलेल्या मेलचा नाही. लहान स्वरूपात पहिले पाच हेक्स अंक मायक्रोसेकंदांचे आणि उरलेले आयनोडचे. मेल रांगेतून गेली की आयनोड मोकळा होतो, दुसऱ्या फाइलीला मिळतो, आणि मायक्रोसेकंद जुळले की जुनाच आयडी परत. पोस्टफिक्स २.९ पासून ‘एनेबल लाँग क्यू आयडीज’ अशी सेटिंग आहे, ती ‘येस’ करा. मग सेकंदही आयडीत येतात आणि पुनरावृत्ती थांबते. लांब आयडीत आकडे आणि इंग्रजीतली फक्त व्यंजनं असतात, स्वर नाहीत, त्यामुळे चुकून कुठला शब्द तयार होत नाही. पण तुमची लॉग वाचणारी स्क्रिप्ट फक्त हेक्स अक्षरं शोधत असेल तर सेटिंग बदलल्यावर तिला एकही मेल दिसणार नाही. आधी ती सुधारा.

प्रश्न : बुधवारी डिस्क गेली, रविवारचा बॅकअप चढवला. आता काहींच्या थंडरबर्डमध्ये विषय एका मेलचा आणि आत मजकूर दुसऱ्याच मेलचा दिसतो. (शाळेचं कार्यालय, सातारा)

रविवारी रजिस्टरात पुढचा क्रमांक ५१२० होता असं धरू. बुधवारपर्यंत ५१६२ पर्यंत क्रमांक पडले आणि ते थंडरबर्डने आपल्याकडे जपून ठेवले. बॅकअपसोबत रजिस्टरही रविवारचं आलं. त्याला मधल्या तीन दिवसांचं काहीच ठाऊक नाही, म्हणून सर्व्हर पुन्हा ५१२० पासून क्रमांक पाडतो. व्हॅलिडिटी तीच, त्यामुळे थंडरबर्डला संशय येत नाही. नव्या ५१२० ला तो जुन्या ५१२० चा जपलेला मजकूर दाखवतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी सगळ्यांना ऑफलाइन जायला सांगा. रविवार ते बुधवारच्या मेल आता फक्त त्यांच्या संगणकांवर आहेत, आणि सर्व्हर दुरुस्त झाला की थंडरबर्ड त्या ‘सर्व्हरवर नाहीत’ म्हणून पुसून टाकेल. आधी त्या स्थानिक फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या आणि मजकूर उघडून खात्री करा.

तुमच्याकडे दुबार क्रमांक पडून गेले आहेत, तेव्हा व्हॅलिडिटी बदलण्यावाचून गत्यंतर नाही: ‘डोव्हॲडम मेलबॉक्स अपडेट’ला ‘यूआयडी-व्हॅलिडिटी’ हा पर्याय देऊन आधीपेक्षा मोठा आकडा घाला, प्रत्येक बाधित फोल्डरसाठी. सगळे क्लायंट आपला साठा टाकून फोल्डर नव्याने उतरवतील. पॉप३ वापरणारे कोणी असतील तर त्यांच्याकडे सगळ्या मेल दुबार उतरतील, त्यांना आधी कळवा. मग स्थानिक फोल्डरमधल्या मेल परत वर चढवा. त्यांना नवे क्रमांक मिळतील, त्यात काही बिघडत नाही.

पुढच्या वेळी बॅकअप चढवलात की कुणालाही जोडू देण्याआधी, आणि नवी मेल आत येण्याआधी, त्याच आदेशाने ‘मिन-नेक्स्ट-यूआयडी’ पुढे ढकला. ५१२० असेल तर १०,००० करा. क्रमांक वाया जातात ते जाऊ द्या. व्हॅलिडिटी तीच राहते, क्लायंटना सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही, आणि दुबार क्रमांक पडायला वावच उरत नाही. मात्र मधल्या दिवसांच्या मेल आधी बाजूला काढून ठेवायची अट याही वेळी तशीच.